नसलेल्या रेडिओची चोरी

समस्त वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घराला कुलूप आहे अशांस, गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, महाराष्ट्र राज्य कोरं करकरीत असताना खामगावच्या भुसारपुऱ्यात जी घरफोडी झाली, ती संपूर्णपणे माझ्या हस्ताक्षरात झाली.

त्याचं असं झालं. आमच्या समोर राहणाऱ्या गोदाकाकूंची पितळी घागर ओट्यावरून नाहीशी झाली. (ती पुढे त्यांच्याच माळ्यावर सापडली. पण तोवर ‘भुसारपुरा संरक्षण मंडळ’ स्थापन झालं होतं, आणि एकदा स्थापन झालेलं मंडळ बंद करायची आपल्याकडे पद्धत नाही.) मिरचीचे अडते वामनराव अध्यक्ष झाले, कारण सभेच्या खुर्च्या त्यांच्या होत्या. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तर, अक्षर चांगलं, म्हणून मी चिटणीस. शाळेतून बाद झालेला एक फळा चौकातल्या लिंबाला टांगला. वरच्या अर्ध्या भागात ‘आजची वार्ता’ आणि खालच्या अर्ध्यात, लाल खडूने, ‘सावधान’!

पहिले पंधरा दिवस मी मोहल्ल्याची खरोखर सेवा केली. ‘नळ उद्या येणार नाही.’ ‘बाभळीजवळच्या विहिरीचा कठडा ढासळला आहे, पोरांना सांभाळा.’ ‘पांढरं कुत्रं पिसाळलं आहे.’ (पांढऱ्या कुत्र्याचे मालक भांडायला आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी ‘पांढरं कुत्रं शहाणं आहे’ असंही लिहिलं.) लोक थांबून वाचत. बाजाराला आलेले खेड्यापाड्यातले लोकही वाचत. ज्याला वाचता येत नसे तो दुसऱ्याला वाचायला लावी. माझी छाती दररोज एकेक इंच पुढे येत होती.

आणि मग वामनरावांच्या घरी शिलाई मशीन आली.

“मास्तर, मशीन आणली.”

“वा! अभिनंदन, वामनराव!”

“अभिनंदन नोका करू. फळ्यावर लिहा.”

“आजची वार्ता म्हणून?”

“वार्ता कायले? सावधानमधी लिहा! इतकी महागाची वस्तू घरात, लोकायनं लक्ष ठेवाले नोको काय?”

मुद्दा बिनतोड होता. मी लाल खडूने लिहिलं : ‘वामनराव यांचेकडे नवीन शिलाई मशीन असल्याने सर्वांनी त्यांच्या घरावर लक्ष ठेवावे.’ शाई वाळते, तसा खडू वाळत नाही. तरी वाळायच्या आत गोदाकाकू हजर!

“काऊन हो मास्तर? त्याच्या मशिनीले जपता, अन् माह्ये चांदीचे सहा पेले कोनी नेले तं चालते काय?”

“काकू, तुमच्याकडे चांदीचे पेले कधी आले?”

“तुमी लिहा तं खरं, मंग येतील!”

लिहिले. काय करणार? एकाला लिहायचं आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे मंडळात फूट. आठ दिवसांत भुसारपुरा इतका श्रीमंत झाला, की मलाच तिथे राहायची भीती वाटू लागली. कुणाची पैठणी, कुणाचं घड्याळ, कुणाचा पलंग! ज्यांच्या घरी फुटकी बादली तेवढी धड होती, त्यांच्याकडेही ‘वडिलोपार्जित ऐवज’ निघाला. सगळ्यांनी सगळ्यांच्या घरावर लक्ष ठेवायचं होतं. ते लोक पूर्वीपासूनच ठेवत होते, आता फक्त त्याला मंडळाची मान्यता मिळाली.

इथवर मी निर्दोष होतो. पण याच सुमारास माझ्या बहिणीच्या, कुसुमच्या सोयरिकीचं चाललं होतं. वडील नाहीत, जबाबदारी माझी. दोन ठिकाणांहून नकार आलेला. तिसरं स्थळ सोनाळ्याचं. चांगली बागायत, एकुलता मुलगा, आणि मुलगा शिकलेला. मुलाचे वडील आबाजी मोजकं बोलणारे. मुलगी पाहून गेले आणि “इच्यार करून सांगतो,” एवढंच म्हणाले. दर बाजाराला ते खामगावात येत, आणि येता-जाता लिंबाखाली उभे राहून, अक्षरावर बोट ठेवून, आमचा फळा वाचत.

ही बातमी माझ्या बायकोने, शांताने आणली. “आबाजी आज बी फळा वाचून राह्यले होते. वामनरावच्या मशिनीपाशी बोट दोनदा थांबलं त्याईचं. अन् आपलं घर त्या फळ्यावर कोठीच नाही. म्हंजे आपल्या घरात चोरासाठी बी काही नाही, असं दिसते ते!”

मी खडू उचलला.

एरवी मी शुद्ध बोलत असे. (मास्तरला बोलावं लागतं. घाबरलो की मात्र माझी वऱ्हाडी आपोआप बाहेर येते.) त्या शुद्ध भाषेत मी लिहिलं : ‘मास्तरांचे घरी नवा रेडिओ, तसेच चांदीचे ताट, वाटी व तांब्या असल्याने विशेष लक्ष ठेवावे.’ ‘विशेष’खाली एक रेघ ओढली.

कुसुम शेजारी उभी होती. “दादा, आपल्याकडे रेडिओ कुठं हाये?”

“हा संरक्षणाचा प्रश्न आहे. तुला नाही कळणार.”

तिसऱ्या दिवशी पोस्टातला माणूस दारात.

“मास्तर, रेडिओ घेतला म्हनते. लायसन काढलं काय?”

त्या काळी घरात रेडिओ असला की लायसन लागे. ‘रेडिओ नाही’ म्हणावं, तर माणूस गप्पिष्ट. संध्याकाळपर्यंत बातमी बाजारात, पुढच्या बाजाराला सोनाळ्यात! मी निमूटपणे पोस्टात गेलो आणि लायसन काढलं. रेडिओ असून लायसन नसलेले लोक गावात पुष्कळ होते. लायसन असून रेडिओ नसलेला साऱ्या वऱ्हाडात मी एकटा! लायसनचं ते पुस्तक मी कोनाड्यात, येणाऱ्याच्या नजरेला पडेल असं ठेवलं. गाणी ऐकायला शेजारी आले की मी ते पुस्तक दाखवत असे आणि “बॅटरी उतरली,” असं सांगत असे. असा महिनाभर माझा रेडिओ उत्तम चालला.

मग वामनरावांच्या पुतण्याचं लग्न निघालं, रोहिणखेडला. अख्ख्या मोहल्ल्याला आग्रहाचं आमंत्रण. दोन मोटारी ठरल्या. आणि माझ्यातला चिटणीस जागा झाला. मी फळ्यावर लिहिलं :

‘सावधान! लग्नानिमित्त भुसारपुऱ्यातील पुढील घरे मंगळवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत बंद राहतील. तरी सर्वांनी लक्ष ठेवावे.’ खाली अकरा नावं, अनुक्रमांकासह. वरच्या ऐवजाची यादी तशीच ठेवली होती, म्हणजे कुठल्या घरावर किती लक्ष ठेवायचं हे एका नजरेत समजावं.

“किल्ली कोठी ठेवली थे बी लिहा ना,” गोदाकाकू म्हणाल्या, “एकादा पाव्हना आला तं?”

छे! इतका मूर्ख मी नव्हतो. किल्लीचं मी लिहिलं नाही. फक्त एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही : ज्या ‘सर्वांनी’ लक्ष ठेवायचं होतं, ते सर्व मोटारीत माझ्या शेजारी बसले होते.

संध्याकाळी परत आलो तर अनुक्रमांक एक, दोन आणि तीन यांची कुलुपं तुटलेली. (चोर शिस्तीचा होता. वरून सुरुवात केली होती.) एक वामनराव, दोन गोदाकाकू, तीन मी. आमच्या घरात पेट्या उलट्या, गाद्या उसवलेल्या, धान्याच्या कोठीत हात घालून घालून ज्वारी ओसरीभर. चिवड्याचा डबा रिकामा. आणि माझी छत्री गायब. बस्स, इतकंच! नेण्यासारखं दुसरं होतंच काय?

तेवढ्यात ठाण्यातले पोलीस जमादार आले. येताना ते लिंबाखाली थांबून वहीत काहीतरी उतरवून घेत होते. वही उघडून म्हणाले, “हं, मास्तर. रेडिओ गेला काय?”

मी तोंड उघडलं. ‘नाही गेला’ म्हणावं, तर म्हणतील दाखवा! आणि समोर अख्खा मोहल्ला उभा. शांताने मागून असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

“गेला हो जमादार!” मी ओरडलो. “रेडिओ गेला, ताट गेलं, वाटी गेली, तांब्या गेला!”

आणि ओरडताना मला साक्षात्कार झाला. अरे, हा चोर नव्हे, हा देवदूत! जे नव्हतं ते सगळं त्याने नेलं. आता आयुष्यभर कुणी रेडिओ दाखवा म्हणणार नाही. तिकडे गोदाकाकूंनीही हाच विचार केला असावा, कारण त्या सहा पेल्यांसाठी पेल्यागणिक वेगळ्या रडत होत्या. खरं दुःख एकट्या वामनरावांना झालं होतं. त्यांची मशीन जागच्या जागी होती.

“मशीन काऊन नाही नेली बे त्यानं?” ते ज्याला त्याला विचारत होते. “काय वाईट हाये तिच्यात?”

चोरीची बातमी सोनाळ्याला पोचली, आणि पुढच्या बाजाराला आबाजी थेट घरी आले. सोबत त्यांच्या पत्नी. त्या माउलीने पदर सावरून एक कोपरा धरला आणि मुकाट्यानेच सगळं घर न्याहाळलं. आबाजी मात्र पहिल्यांदाच भरभरून बोलले.

“मास्तर, जीवाले लावून घेऊ नोका. चीजवस्तू काय, आज हाये, उद्या नाही. तुमच्यावर असा परसंग आला, अन् आमी सोयरिकीचं लांबवून राह्यलो, हे काही बरं दिसत नाही. आज पक्कं करून टाकू.”

शांता आत जाऊन नारळ शोधू लागली. मी रेडिओच्या आठवणीने एक सुस्कारा सोडला. (सुस्कारा इतका चांगला जमला की मी आणखी एक सोडला.) कुसुम चहा घेऊन आली. आणि तेवढ्यात ओट्यावर बुटांचा आवाज.

“मास्तर! सापडला!”

जमादारांनी एका हाडकुळ्या माणसाची गचांडी धरली होती. त्या माणसाने माझी छत्री धरली होती. मागे सगळा भुसारपुरा.

“बोल बे, रेडिओ कोठी विकला?”

“साहेब, छत्री नेली, कबूल. चिवडा खाल्ला, कबूल. पन रेडिओ कोनता?”

“फळ्यावर लिहिलेला!”

“मी बी तोच पाहाले आलतो ना साहेब!” तो माणूस रडकुंडीला आला. “सारं घर धुंडलं. नाही भेटला. निघालो, तं कोनाड्यात लायसन दिसलं. म्हनलं, लायसन हाये म्हंजे रेडिओ असनारच! मंग अजून घंटाभर धुंडलं. ज्वारीत पाह्यलं, गादीत पाह्यलं. त्या काकूकडे पेले धुंडून धुंडून माही कंबर गेली. हे असं लिहिनं बरं हाये काय साहेब? मानसाचा अख्खा दिवस वाया!”

गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. गोदाकाकूंना एकाएकी घरातलं दूध उतू जात असल्याचं आठवलं आणि त्या गेल्या.

“खोटं बोलते लेकाचा!” जमादार गरजले. “चल ठाण्यात. रेडिओ निघत नाही तोवर सोडत नसतो तुले!”

तो माणूस माझ्याकडे पाहू लागला. मी छताकडे पाहिलं. एक शब्द बोललो, तर तिसरं स्थळ गेलं. न बोललो, तर हा माणूस जे नव्हतंच ते कुठून आणून देणार? मी छताचे वासे मोजले. सात होते.

“दादा.” कुसुमने चहाचं ताट खाली ठेवलं. “तू सांगतो, का मी सांगू?”

“कुसुम, तू आत जा...”

“जमादार, रेडिओ नोताच आमच्या घरी. चांदी बी नोती. दादानं फळ्यावर लिहिलं, पाव्हन्यायनं वाचावं म्हनून. त्या मानसानं फक्त छत्री नेली. त्याले रेडिओपायी मारू नोका.”

ओट्यावरच्या सगळ्यांनी कोनाड्यातल्या लायसनकडे माना वळवल्या. जमादारांनी वही मिटली आणि माझ्याकडे पाहिलं.

“खोटी फिर्याद देल्ली तुमी? मास्तर असून?”

“मले... मले काय मालूम होतं... मी तं नुसतं... लक्ष ठेवासाठी...” माझी वऱ्हाडी धो धो बाहेर पडली. मी ओट्यावर बसायला गेलो. जमादारांनी तिथेच बसवलेला चोर समजूतदार होता. तो थोडा सरकला आणि त्याने मला शेजारी जागा करून दिली.

आबाजी उठून उभे राहिले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. झालं! तिसराही नकार. शांता आतून नारळ घेऊन आली आणि दारातच थबकली. आबाजींनी कोपऱ्यातल्या बायकोकडे पाहिलं, म्हणजे ‘चला’ म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

आल्यापासून एक अक्षर न बोललेल्या त्या बाई पदर खोचत पुढे आल्या, कुसुमचा हात धरला, आणि चोर, जमादार व अख्ख्या भुसारपुऱ्यादेखत ओरडल्या, “पोरगी पक्की हो! पन बाप्पा, लग्नाची पत्रिका तेवढी ह्या मास्तरले लिहू देऊ नोका!”