नामदेव मिस्त्री आणि शेठच्या हिरव्या गाडीची गळती

नामदेव मिस्त्री गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. राजुऱ्याहून निरोप येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरवीला तेवढा गेलो. महिना झाला, पण तिथून आल्यापासून मन थाऱ्यावर नाही... म्हणून हे लिहितो आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, चंद्रपूरला चांदा म्हणायचे तेव्हाची. मी, गणपत, एका लाकूड ठेकेदाराकडे ड्रायव्हर होतो. मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून शेठने दोघंच बसतील अशी उघडी, हिरवी स्पोर्ट्स कार घेतली. गडचिरोलीच्या मुरमाच्या रस्त्यावर तिचं पोट घासायचं, पण शेठला तिचं भारी वेड. नामदेव माझा दोस्त. चांद्यात त्याचं टिनाखालचं गॅरेज होतं. मीच त्याला शेठकडे नेलं. त्याने इंजिन पूर्ण खोलून नव्यासारखं बांधलं. शेठ खूश होऊन म्हणाला, उन्हाळाभर गाडी नीट चालली तर माझे सगळे ट्रक तुझ्याकडे. नामदेव इतका हुरळला की त्याने गॅरेजचं छप्पर आधीच वाढवून घेतलं.

आणि महिन्याभरात गाडीखाली तेल सांडायला लागलं. क्लच घसरायला लागला. नामदेवने दोनदा इंजिन उतरवलं, पॅकिंग बदललं, तरी तेल आपलं टपटप चालूच. शेठची भाषा बदलली. सोमवारपर्यंत गळती थांबली नाही तर ट्रक नागपूरच्या गॅरेजला जातील, असं त्याने बजावलं. नामदेव जेवेनासा झाला.

रविवारी त्याने इंजिन घासलेटने धुतलं, कोरडं केलं आणि घरून तांदळाचं पीठ आणून सगळीकडे भुरभुरलं. त्याची बायको, आमच्या वहिनी, करवादल्या, खायचं पीठ यंत्राला कशाला म्हणून. जिथं पीठ ओलं होईल तिथून गळती, एवढा सरळ हिशेब. आम्ही दोघं मूल गावापर्यंत जाऊन आलो. बॉनेट उघडलं तर पुढचं पीठ कोरडं ठणठणीत, फक्त मागे, गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी लगदा. मग त्याने वरच्या नळीत बोट घातलं. इंजिनातला धूर आणि वाफ बाहेर पडायला ती नळी असते. आतून फडक्याचा बोळा निघाला.

तो बोळा मी कोंबला होता. जंगलात ट्रक चालवणारे आम्ही सगळेच लाल धूळ आत जाऊ नये म्हणून तसं करायचो. ते ट्रक मुळातच गळके, कोणाला पत्ता लागणार! इथे घट्ट बांधलेलं इंजिन आतल्या आत कोंडलं आणि दाबाने तेल मागून बाहेर पडलं. मूर्खपणा, दुसरं काय? आणि फडकं माझ्या बायकोच्या जुन्या लुगड्याचं, काठासकट. शेठने आधीच सांगून ठेवलं होतं, मिस्त्रीशिवाय कोणी इंजिनाला हात लावला तर त्याची नोकरी गेली समजा. घरी बायकोला सातवा महिना. मी तोंडातून शब्द काढला नाही.

गळती थांबली. सोमवारी शेठने विचारलं, कशानं गळत होतं? नामदेव खाली बघत म्हणाला, "माह्याच हातून राह्यला शेठ. काम करताना नळी झाकली होती, काढाचं भुलून गेलो."

शेठ भडकला. असल्या विसरभोळ्या माणसाच्या हाती ट्रक देत नाही म्हणाला. वर्षभरात नामदेवचं गॅरेज बंद पडलं. तो राजुऱ्याला दुसऱ्याच्या हाताखाली लागला, तो कायमचाच. माझी नोकरी टिकली. मी मनाची समजूत घालत राहिलो की त्याला खरंच तसं वाटलं असेल, बोळा आपलाच म्हणून... लाज वाटते आज, पण त्या समजुतीवर मी अख्खी उमर काढली.

तेरवीला पंगती उठल्यावर वहिनींपाशी बसलो. धीर करून म्हटलं, वहिनी, त्या हिरव्या गाडीचं एक सांगायचं होतं. त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही.

"मालूम आहे भाऊजी. त्याच दिवशी सांगतलं त्याइनं मले. लुगड्याचे काठ वळखले होते." मग म्हणाल्या, "राग नोयता त्याइले. पन तुमी घरी आले का ते म्हनत, आज गणपत बोलन."

दर पोळ्याला आणि दर दिवाळीला मी त्यांच्या घरी जात होतो.