मारुतीच्या छातीपर्यंत

सकाळी कचेरीत आले की आमचे साहेब छत्री खुंटीला अडकवत, खिशातला रुमाल काढत आणि एकेका टेबलावरचा फोन उचलून कानाला लावत. आतली गुणगुण ऐकून झाली की रुमालाने तोंडाकडची बाजू पुसत, फोन जागेवर ठेवत आणि पुढच्या टेबलाकडे वळत. ज्या फोनमधून आवाज येत नसे, त्याच्यावर रुमाल पसरून ठेवत. मयतावर चादर घालावी तसा तो रुमाल दुपारपर्यंत तिथे असे, आणि येणारा-जाणारा हळूच विचारी, "काय हो, हा कधी गेला?"

नाशिकच्या एका सरकारी कचेरीत आम्ही काही वर्षे एकत्र होतो. सत्तरचे दशक सरत आलेले होते. जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांना फोन मिळवून देणे, मिळालेले चालू ठेवणे आणि पावसाळ्यात पूरनियंत्रण कक्ष सांभाळणे ही त्यांची कामे, आणि मी त्यांच्या हाताखाली. फोनसाठी अर्ज केलेला माणूस त्या काळी सावकाश म्हातारा होत असे. सरकारी कार्यालयांना रांगेत जरा पुढची जागा मिळे, आणि त्या मोजक्या फोनांवर अधिकाऱ्यांचा जो डोळा असे, तो तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीत पाहिला असेल. फोन बोलण्यासाठी असतो, हा तेव्हा एक गौण समज होता. तो टेबलाच्या उजव्या हाताला असावा, काळा आणि तुकतुकीत असावा, आणि समोर बसलेल्याला दिसावा, एवढे पुरे असे.

एकदा एका खात्याचे अधिकारी दुसरा फोन मागायला आले.

"एक आहे ना तुमच्याकडे?" आमच्या साहेबांनी विचारले.

"आहे, पण हेडक्लार्कच्या टेबलावर."

"वाजला की उचलतो कोण?"

"तोच."

"आणि तुमच्या टेबलावर दिला तर ऐकणारा कोण?"

"आता काय सांगू साहेब, मी तर बहुतेक दौऱ्यावर असतो."

"मग फोन दौऱ्यावर पाठवतो. तुम्ही इथे बसा."

अशा उत्तरांमुळे त्यांना बढती मिळण्यात काही अडचणी येत, हे वेगळे सांगायला नको. 'ऐकणारा कोण?' हा प्रश्न ते शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांना सारख्याच आवाजात विचारत, आणि समानतेचे हे तत्त्व वरच्या मंडळींना मानवत नसे.

दर वर्षी मे महिन्यात पुराची रंगीत तालीम होई. पूर किती वाजता येणार याचे परिपत्रक आठवडाभर आधी निघे, आणि पूर ओसरला की चहा-बिस्किटे असत. सर्व खाती वेळेवर संदेश देत, वेळेवर घेत, आणि अहवालात 'यंत्रणा सज्ज' असे लिहीत. त्या पुरात आजवर कोणीही बुडालेले नाही.

खऱ्या पुराची व्यवस्था मात्र त्यांनी वेगळीच लावली होती. धरणातून पाणी सोडले की दरवाज्यावरचा माणूस आम्हाला फोनवर आकडा सांगे, इतके हजार क्युसेक. तो आकडा आम्ही पुढे भांडी बाजारातल्या एका शेठना सांगायचा. नदीला लागून असलेल्या त्या बाजारात फोन होता तो त्यांच्या दुकानात, आणि त्यांनी हाळी दिली की साऱ्या दुकानांतला माल वर चढे. क्युसेक या शब्दाने मात्र शेठच्या मनात काहीही उभे राहत नसे. नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, आणि नाशिकचा माणूस पूर मोजतो तो त्याच्या अंगावर. म्हणून साहेबांनी दोन-तीन पावसाळे शेठना सोबत घेऊन, धरणाचा आकडा आणि मारुतीवरचे पाणी यांची सांगड घातली. तेव्हापासून आमच्या कक्षातून निघणारी सूचना फार थोडक्यात असे.

"शेठ, गुडघा."

"बरं साहेब."

आणि गुडघ्याला जे हलवायचे ते हलत असे. कमरेला वेगळे, छातीला वेगळे.

ते कधी चुकले नाहीत असे नाही. एकदा त्यांनी छाती सांगितली आणि पाणी मारुतीच्या घोट्यांशीच खेळून परत गेले. सगळा बाजार दिवसभर पितळेची पातेली पुन्हा खाली उतरवत होता. शेठनी फोन करून झाडले, "साहेब, आमच्या गड्यांच्या कमरा गेल्या. आता तुम्ही या भांडी उतरवायला." ते संध्याकाळी खरोखरच गेले. बाह्या वर करून त्यांनी दोन हंडे उतरवले, तिसरा पायावर पाडून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत सगळे फोन तपासले.

पुढे मोठे साहेब बदलून आले. त्यांना व्यवस्थितपणाची आवड होती. शासकीय संदेशात मारुतीचा उल्लेख होतो हे ऐकून ते इतके व्यथित झाले की त्यांनी लगेच परिपत्रक काढले: यापुढे पुराची सूचना केवळ क्युसेकमध्ये, जशीच्या तशी, बदल न करता देण्यात यावी.

त्या वर्षीच्या पहिल्या मोठ्या पाण्याला मोठे साहेब स्वतः कक्षात येऊन बसले. धरणाचा फोन आला. मी आकडा लिहून घेतला आणि शेठना वाचून दाखवला.

"म्हणजे जास्त का कमी?" शेठ म्हणाले.

मी मोठ्या साहेबांकडे पाहिले. "पुन्हा वाचा," ते म्हणाले. मी तोच आकडा पुन्हा वाचला. या वेळी जरा मोठ्याने वाचला, कारण समजावून सांगण्याची ही सरकारमान्य रीत आहे.

"अहो भाऊ, ऐकू आलं. पण उचलायचं का नाही?"

पुढे काय बोलावे ते परिपत्रकात नव्हते. आमचे साहेब तोवर खिडकीशी उभे होते. ते शांतपणे आले, माझ्या हातातला फोन घेतला आणि म्हणाले, "शेठ, छाती." मग फोन खाली ठेवून मोठ्या साहेबांना म्हणाले, "आकडा आपण सांगितलाच आहे. मी फक्त ऐकणाऱ्याला सांगितलं."

दुपारी पाणी मारुतीच्या छातीशी आले. बाजारातला माल वरच्या मजल्यांवर होता. आमच्या कचेरीत त्याच दुपारी एक ज्ञापन तयार होत होते. देवतेच्या अवयवांचा परिमाण म्हणून वापर कोणत्या नियमान्वये करण्यात आला, याचा तात्काळ खुलासा करावा, असा त्याचा आशय. यांनी खुलासा केला: 'नदीकाठच्या व्यापाऱ्यांकडे क्युसेक मोजण्याचे साधन नाही. शासनमान्य मूर्ती पात्रात बसवण्यात आल्यास पुढील पुरापासून तिचा वापर करण्यात येईल.'

खुलासा समाधानकारक वाटला नाही. त्यांची बदली येवल्याला झाली, पाणीटंचाईच्या कामावर. पुरातल्या माणसाच्या अनुभवाचा उपयोग टँकर मोजण्यासाठी करून घेण्याची दूरदृष्टी शासनाकडेच असते. निरोपसमारंभात मोठे साहेब त्यांच्या कार्यक्षमतेबद्दल बरेच बोलले. यांनी उत्तरादाखल हार काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "तिसऱ्या टेबलावरचा फोन खरखरतोय. बघून घ्या."

पुढच्या पावसाळ्यात मी नियमाप्रमाणे शेठना क्युसेक वाचून दाखवू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले.

"माहीत आहे भाऊ. कंबर. माल वर गेला आमचा."

"कोणी सांगितलं?"

"आपल्या साहेबांनी. येवल्याहून ट्रंक कॉल आला मघाशी."

त्यांनी धरणाच्या दरवाज्यावर फोन लावून आकडा विचारला होता, आणि मग शेठना कळवले होते. नदी आमच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर वाहत होती, आणि पुराची सूचना येत होती ती जिल्ह्यातल्या सर्वांत कोरड्या टेबलावरून. हे असे काही वर्षे चालले. मोठ्या साहेबांच्या अहवालांत क्युसेक-पद्धतीमुळे नदीकाठी वित्तहानी झालेली नाही, अशी नोंद होत राहिली, आणि त्या पद्धतीचा इतर जिल्ह्यांनी अभ्यास करावा, असेही सुचवण्यात आले.

मग एका उन्हाळ्यात आमचे साहेब येवल्यालाच गेले. टँकर पाहून परतताना छातीत कळ आली, एवढेच कळले. आमच्या कचेरीत शोकसभा झाली. आम्ही उभे असताना तिसऱ्या टेबलावरचा फोन वाजत राहिला. तो कोणी उचलला नाही, कारण तसे करणे प्रसंगाला शोभले नसते.

त्याच वर्षी श्रावणात पाणी आले. धरणाच्या माणसाने आकडा सांगितला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. मी शेठना फोन लावला. समोर मोठे साहेब बसले होते.

"सांगा भाऊ."

मी आकडा वाचला.

"हां, ते असू द्या. साहेबांचा फोन नाही आला अजून. ट्रंक लाइन खराब आहे का? आम्ही थांबलोय सगळे."

"थांबू नका, शेठ."

"साहेब सांगतील तेव्हा हलू की. उगाच उचलून पुन्हा कमरा नाही मोडायच्या."

मला आकडा दिसत होता, आणि आकड्यावरून मारुती. सांगड घालताना मी साहेबांच्या शेजारीच बसत असे. पण शेठना तो आवाज हवा होता, आणि तो माझ्याकडे नव्हता.

"शेठ, साहेब मे महिन्यातच गेले."

मी आकड्याचा कागद बाजूला सारला.

"शेठ, छाती," मी म्हणालो. मोठ्या साहेबांनी मान वर केली. "छातीच्याही वर येईल."

"नक्की?"

"नक्की नाही. पण उचला."

शेठनी फोन खाली ठेवला नाही, नुसता बाजूला ठेवला असावा. आधी त्यांच्या दुकानातले हंडे एकावर एक आपटत हलू लागले. मग त्यांची हाळी गेली, आणि शेजारच्या दुकानातून, त्याच्याही पलीकडच्या दुकानातून तांब्यापितळेचा आवाज येऊ लागला.