दोन रिकाम्या गाड्या आणि दाजी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिकामी गाडी घेऊन सिन्नरहून सटाण्याला परतत होतो. देवळ्याच्या अलीकडच्या घाटात गाडी बाजूला घेतली. ताईचा आवाज ओळखू येईना. "अरे, सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच..." एवढंच ती बोलली. मी खाली उतरलो, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वर चढून बसलो, पुन्हा उतरलो. मागे हौद्यात कांद्याची टरफलं वाऱ्याने इकडून तिकडे पळत होती. खरं तर आधी ताईची काळजी वाटायला हवी होती. मला आधी वाटलं ते हे की गाडी रिकामी आहे, आणि दाजींना हे आवडलं नसतं. याला आता सहा आठवडे झाले. एका जागी बसून चार ओळी लिहाव्यात म्हटलं तर तेही जमत नाही. आत्तापर्यंत तीनदा उठून झालंय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला पंचवटीत, नोकरी एसटीच्या डेपोत, वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठली गाडी कधी सुटेल, कुठल्या वाटेने जाईल आणि परत येताना रिकामी येणार नाही ना, हे बघण्यात त्यांची हयात गेली. प्रवाशांशिवाय गाडी जेवढी धावते त्याला त्यांच्या डेपोत डेड किलोमीटर म्हणायचे, आणि दाजी हा शब्द शिवी दिल्यासारखा उच्चारायचे. त्यांच्या लग्नात आमच्याकडून वऱ्हाडाच्या तीन गाड्या निघणार होत्या. नवरदेवाने आदल्या दिवशी निरोप पाठवून त्यांच्या दोन करायला लावल्या. माझी आत्या सटाण्यापासून नाशिकपर्यंत तांदळाच्या पोत्यावर बसून आली. तिने पुढे कित्येक वर्षं जावयाशी सरळ तोंडाने बोलणं टाळलं. दाजींना त्याचं काही नव्हतं. "पण एक गाडी वाचली ना?" म्हणायचे.

निवृत्तीनंतर माणसं निवांत होतात. दाजी उलट जास्तच अस्वस्थ झाले. जेवताना पाय हलवत राहायचे. गल्लीत एखादी रिक्षा उभ्याउभ्या धूर सोडत असली की घास ठेवून उठायचे आणि खिडकीतून ओरडायचे, "इंजिन बंद कर ना बाबा." एकदा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत शाश्वत वाहतूक व्यवस्थापन अशा भारदस्त नावाचं व्याख्यान होतं. दाजी कौतुकाने गेले, पहिल्या रांगेत बसले, आणि आल्यावर मला म्हणाले, "चांगला बोलला पोरगा. पडद्यावर चित्रंही छान होती. आम्ही हेच खडूने फळ्यावर लिहायचो." मी विचारलं, दाजी, पृथ्वी वाचवायची वगैरे हे तुम्हाला खरंच पटतं का? ते म्हणाले, "पृथ्वीचं मला काय कळतंय? डिझेल जळायचं ते जळणार. पण कशासाठी जळलं, हे तरी सांगता आलं पाहिजे."

मी कांद्याचा लहान व्यापारी. गाडी माझीच, चालवतोही मीच. सटाण्याहून माल भरून सिन्नरच्या गोदामात टाकायचा आणि रिकामं परत यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आमच्याच गावचे केदानाना द्राक्षबागायतदार. त्यांना हंगामात द्राक्षं भरायला पुठ्ठ्याचे खोके लागतात, आणि ते सिन्नरच्याच एका कारखान्यातून येतात. त्यासाठी त्यांनी ठरवलेली गाडी सटाण्याहून रिकामी जायची आणि खोके घेऊन यायची. एकदा दाजी आमच्याकडे मुक्कामाला होते, तेव्हा नाना सहज चहाला आले. बोलता बोलता दाजी मध्येच थांबले. "म्हणजे एकाची रिकामी जाते, दुसऱ्याची रिकामी येते, आणि तुम्ही दोघं एका गल्लीत राहता?" नाना आणि मी एकमेकांकडे बघत बसलो. इतकी वर्षं हे आम्हाला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून नानांचे खोके माझ्या गाडीतून येऊ लागले. दाजींची अट एकच होती. कांदा उतरवल्यावर हौदा पाण्याने धुवायचा, मागचा फाळका उघडा टाकून तासभर उन्हात सुकू द्यायचा, मगच खोके भरायचे. कांद्याचा वास पुठ्ठ्यात मुरतो आणि पुठ्ठ्यातून द्राक्षात उतरतो. दोन हंगाम सगळं सुरळीत चाललं. आमचं बघून गावातल्या आणखी पाचसहा जणांनी गाड्या जोडून घेतल्या. दाजी पंचवटीत बसून फोनवर सगळ्यांच्या फेऱ्या जुळवायचे आणि रिकाम्या खेपा बंद झाल्याचं ताईला अशा आनंदात सांगायचे की ती म्हणायची, "नातू झाला तेव्हासुद्धा एवढं हसला नव्हतात."

मग मी माती खाल्ली. एके दिवशी मला एका साखरपुड्याला पोचायचं होतं. गोदामातल्या नळाला गर्दी होती. मी हौदा झाडला, दोन सडके कांदे उचलून फेकले आणि तसेच खोके भरले. एक तास वाचवला. आठवड्याभराने नानांचा अख्खा माल परत आला. द्राक्षाला कांद्याचा वास येतो म्हणून व्यापाऱ्याने हात लावला नव्हता. नाना माझ्या ओट्यावर आले. मी त्यांना चार माणसांसमोर सांगितलं की खोके त्यांच्याच कांद्याच्या चाळीत ठेवले असतील, माझ्या गाडीला नावं ठेवायची नाहीत. रात्री दाजींचा फोन आला.

"शरद, गाडी धुतली होती?"

"धुतली होती दाजी."

ते म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी तो प्रश्न मला कधी विचारला नाही. विचारला असता तर मी कदाचित सांगितलं असतं... कदाचित नसतंही. नाना आणि मी पुन्हा आपापल्या गाड्या पाठवू लागलो. बाकीच्यांचीही जुळणी मोडली. दाजी दर भेटीला विषय काढायचे आणि मी चिडायचो. शेवटच्या भेटीतही तेच झालं. छातीचं दुखणं वाढलं होतं, जिना चढणं बंद होतं. मी बसतो न बसतो तोच दाजी म्हणाले, "अजून रिकामीच आणतोस?" मी म्हणालो, "दाजी, सोडा ना आता." चहा अर्धा ठेवून मी निघालो. त्यांनी मला जिन्यापर्यंत सोडायला उठायचा प्रयत्न केला होता, हे ताईने मागाहून सांगितलं.

दशक्रियेला गावाकडून बरीच माणसं आली. पंचवटीच्या बोळांमध्ये गाड्या लावायला जागा उरली नाही, कारण प्रत्येक जण आपापली गाडी घेऊन आला होता. मीसुद्धा. बायको पहिल्या दिवसापासून ताईजवळ होती, त्यामुळे मी एकटाच. ज्या माणसाने आयुष्यभर दोनाची एक गाडी केली, त्याच्या दहाव्याला आमची ही तऱ्हा. कावळा शिवेपर्यंत मी घाटावर इकडून तिकडे येरझारा घालत होतो. गर्दीत केदानानाही दिसले. आम्ही नजर चुकवली.

परतताना शहराबाहेर एसटीच्या थांब्यावर नाना उभे होते. एवढ्या सगळ्यांत एसटीने आलेला हा एकटाच माणूस. मी पाहिलं आणि पुढे निघून गेलो. दोन किलोमीटर गेलो असेन. मग पुढे जाववेना. गाडी वळवून परत आलो आणि काच खाली केली. नाना दार उघडून बसले. पिंपळगाव मागे पडलं. मग माझ्या तोंडून निघालं, "नाना, त्या दिवशी मी गाडी धुतली नव्हती."

नानांनी मान वळवली नाही. "माले माहीत शे. दाजीनी सांगेल व्हतं."

"काय सांगितलं?"

"दाजी म्हने, घाई व्हती म्हनून धुवू नको असं मीच शरदला बोललो. चूक माझी, पोराला काही बोलू नका."

दाजींनी माझी लबाडी ओळखली होती आणि ती स्वतःच्या अंगावर घेतली होती. नाना पुढे म्हणाले की तेव्हापासून त्यांनी दाजींचा एकही फोन घेतला नाही. दाजी आजारी आहेत हे कळलं, तरी भेटायला गेले नाहीत. एवढं बोलून त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. दोन वर्षं एक माणूस माझ्या वाटणीचा राग सोसत राहिला आणि मी त्याला म्हणत राहिलो, सोडा ना आता.

परवापासून नानांचे खोके पुन्हा माझ्या गाडीतून येतात. सिन्नरला कांदा उतरवतो, हौदा धुतो, फाळका उघडा टाकतो आणि तासभर थांबतो. तेवढा वेळ माझ्याने बसवत नाही. गाडीभोवती फिरतो, फोन काढतो, पुन्हा खिशात ठेवतो. नानांना जे सांगितलं ते आधी ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांचा नंबर अजून त्यात आहे.