चेन बदलली की शिकवतो

भाओजी गेल्याचा फोन आला त्या सकाळी मी त्यांच्यावर चिडलेलेच होते. आदल्या संध्याकाळी फोनवर आमची चांगली जुंपली होती, आणि विषय नेहमीचाच, त्यांच्या जुन्या गाडीची टायमिंग चेन. मी म्हणत होते, एकदाची बदला, नाहीतर गाडी विकून मोकळे व्हा. ते म्हणत होते, घाई करून कसं चालेल, आधी नीट ऐकायला हवं. सकाळी त्यांच्या शेजाऱ्यांनी कळवलं, झोपेतच गेले... फरीदाबादहून टेकड्यांमधल्या रस्त्याने गुडगावकडे गाडी हाणताना मला रडू येत नव्हतं, राग येत होता. भांडण असं अर्धवट टाकून माणसाने निघून जायचं असतं का? फाटकात ती गाडी उभी होती, आदल्या दिवशीच पुसून लख्ख केलेली. आता महिना उलटून गेला, पण राग काही उतरलेला नाही, आणि उतरल्यासारखं दाखवून गोड गोड लिहिणं मला जमणार नाही.

भाओजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सरकारी खात्यात इंजिनियर. उंच, शांत, कुणाला दुखवायचं जिवावर येणारे. ताई लग्न होऊन दिल्लीत आली ती करोलबागच्या दोन खोल्यांत. तिथून पहाडगंजची मराठी शाळा जवळ, आणि गणपतीतल्या नाटकाच्या तालमी तेव्हा त्या शाळेतच चालत. ताई त्या नाटकांची नायिका. पुण्यामुंबईहून आलेली मंडळीसुद्धा म्हणत, ही दिल्लीत कशी अडकली? तालीम संपली की पदर खोचून फटफटीत, म्हणजे तिथल्या वाटून घ्यायच्या मोठ्या रिक्षात, बसून घरी येई आणि आल्या आल्या वरणाला फोडणी घाली. मग उदारीकरणाचं वारं सुटलं. जो तो प्लॉटची भाषा बोलू लागला, आणि भाओजींनीही गुडगावच्या नव्या सेक्टरमध्ये घर बांधलं. घर सुरेख, पण आजूबाजूला मोहरीची शेतं, अर्धवट रस्ते, ना बस, ना रिक्षा. ताईने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, मी गाडी शिकते, म्हणजे तालमींना माझी मी जाईन. भाओजी म्हणाले, बिल्कुल शिक. फक्त चेन बदलली की शिकवतो.

त्या चेनचं असं असतं की ती इंजिनाच्या पोटात असते, दिसत नाही. जुनी झाली की सैल पडते, थंडीत गाडी चालू करताना खडखडते, आणि तुटलीच तर इंजिनाचं वाटोळं. बदलायची तर इंजिन उघडायचं आणि गाडी बरेच दिवस गॅरेजात. मग बदलायची की आणखी थोडं थांबायचं? सरळ प्रश्न आहे, दोन मिनिटांत सुटतो. पण भाओजींनी त्याचा जो कीस पाडला! ऑफिसात विचारलं, गणपतीच्या मंडळात विचारलं, माझ्या नवऱ्याला तर दर भेटीत विचारलं. गाडी चालू केली की हात वर करायचे, सगळ्यांनी गप्प व्हायचं. मग लांब पेचकस, आपला स्क्रूड्रायव्हर, इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. "येतोय ना आवाज?" म्हणून विचारलं की आपली माणसं काय म्हणणार? आम्ही सगळे माना डोलवायचो. मलाही तो आवाज ऐकू यायचा, शपथेवर सांगते. वर्षानुवर्षं ते भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं. रस्त्यावर परदेशी कंपन्यांच्या नव्या गाड्या आल्या, सेक्टरात मार्केट झालं, मोहरीच्या जागी काचेची ऑफिसं उभी राहिली, आणि आमच्याकडे आपलं चेनचं बघू चालूच.

ताईला तालमीला भाओजीच नेत. ऑफिसातून दमून आलेला माणूस पुन्हा गाडी काढी, तालीम संपेपर्यंत शाळेबाहेर गाडीत पेपर वाचत बसे. आत या म्हटलं तर येत नसत. हे सगळं मला दिसत होतं, नाही असं नाही. पण ते दौऱ्यावर गेले की ताईची तालीम बुडे, आणि दौरे काही कमी नव्हते. नायिका रोज हवी असते. एका वर्षी तिला नायिकेची आई केली, मग शेजारीण, मग दोन वाक्यं बोलून चहाचा ट्रे ठेवून जाणारी कुणीतरी. शेवटी तर तिला कुणी विचारेनासं झालं. मी म्हटलं, माझ्या छोट्या गाडीवर शिकवते हिला. तर भाओजींचं उत्तर तयार. आमच्या गाडीचे गियर स्टिअरिंगपाशी आहेत, एकदा तुझ्या गाडीवर हात बसला की हिला ही कधीच जमणार नाही. आणि ताई? मूग गिळून गप्प. मला बहिणीचाही संताप यायचा. रंगमंचावर एवढी खणखणीत बोलणारी बाई स्वतःच्या ओट्यापाशी आली की वाचा बसल्यासारखी.

दिवसपाणी झाल्यावर मी मनाशी ठरवलं, आता विचारणा नको, चर्चा नको. गाडी काढली आणि थेट सतपालच्या गॅरेजात नेली. हा सतपाल भाओजींचा नेहमीचा मेकॅनिक. म्हटलं, टाइमिंग चेन बदल दो, चाहे जितने दिन लगें. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"कौन सी चेन, मॅडम? वो तो साहब ने कब की बदलवा ली। उनके सेक्टर में मार्केट बन रही थी, तब।"

मला वाटलं त्याची काहीतरी गल्लत होतेय. त्याने गाडी चालू केली, बॉनेट उघडलं आणि मला जवळ बोलावलं. मी कान देऊन ऐकलं. इंजिन शिलाई मशीनसारखं एकसारखं चाललं होतं, खडखड नावालाही नाही. माझं डोकंच फिरलं. म्हणजे आम्ही सगळे इतकी वर्षं माना डोलवत होतो ते कशाला? आणि हा सज्जन माणूस पेचकस कानाला लावून काय ऐकत होता?

परत येऊन मी ताईपुढे सगळं ओकले. म्हटलं, तोंडाला पानं पुसली त्यांनी तुझ्या. ताई मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "खडखड थांबली ते मला कळणार नाही? रोज मीच शेजारी बसत होते."

मग तिने सांगितलं. त्यांच्या गल्लीतली एक बाई गाडी शिकत होती. हायवेवर ट्रकने उडवलं. मागून येणाऱ्या भाओजींनीच तिला बाहेर काढलं, आणि ती त्यांच्या हातातच गेली. घरी आले, शर्ट स्वतः धुतला, चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी गाडी गॅरेजात टाकली. आली ती शांत होऊन आली. ताई त्यात बसणार होती म्हणून चेन बदलली, आणि ताई ती चालवेल म्हणून बदलल्याचं कुणाला सांगितलं नाही.

"अगं पण मग तू का नाही बोललीस?"

"त्यांना नाही म्हणता येत नव्हतं," ताई म्हणाली, "आणि मला त्यांच्या तोंडून नाही ऐकायचं नव्हतं."

"आणि नाटकं?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "नाटकं गेली. त्याचं काय वाटतं ते मी तुला सांगायला हवं का?"

खरं सांगू? मला हे अजून पटलेलं नाही. भीती वाटत होती तर वाटते म्हणायचं होतं. ताईने भांडायचं होतं. निदान मला तरी सांगायचं होतं, मी दोघांच्या वतीने भांडले असते. घाबरणारा माणूस वाईट नसतो, मान्य. पण त्याच्या भीतीपायी दुसऱ्याची उमेदीची वर्षं गेली, त्याचा जाब कुणाला विचारायचा? ज्याला विचारायचा तो फोटोत बसून मंद हसतोय. भाओजी, हे बरं नाही केलंत तुम्ही.

गेल्या रविवारी मी ताईला म्हटलं, ऊठ, शिकायचंय. दुपारी सेक्टरमागचा रस्ता रिकामा असतो. फाटकापाशी ती सवयीने डावीकडच्या दाराशी गेली. मी तिचा हात धरून उजवीकडे आणली, बसवली. भाओजींचे पाय लांब, त्यांची सीट पार मागे सरकवलेली, ताईचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. तिने किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं आणि तिने माझ्याकडे न बघता हात वर केला. मी गप्प झाले. तिने ऐकलं... बराच वेळ ऐकलं. मग हात खाली आला.

मी वाकून सीटखालची दांडी शोधायला लागले. म्हटलं, थांब, ही पुढे सरकते.

"माहीत आहे," ताई म्हणाली. "ती राहू दे तिथेच. पाठीला उशी आण."

मी चरफडत घरात गेले आणि उशी घेऊन आले.