हात खाली!

वंदनाताई मेली.

"सोडून गेली", "अनंतात विलीन" असलं काही मी लिहिणार नाही. तिला गुळगुळीत बोलणं आवडायचं नाही. आणि खरं सांगू, माझ्या डोक्यात अजून ते शिरतच नाहीये.

काल संध्याकाळी ती फॅक्टरीच्या गेटवर माझ्याशी भांडत होती हो. काल!

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लांज्याजवळच्या आमच्या काजू फॅक्टरीत कटिंग शेडची ती सुपरवायझर. आम्ही चाळीसएक बायका. उकडलेली काजू बी पात्यात धरायची, पायाने पायडल मारायचं, टरफल फुटलं की आतला गर काढायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण टरफलातून जो चीक निघतो तो अॅसिडसारखा. हाताला लागला की कातडी निघते. डोळ्यात गेला तर विचारूच नका.

ग्लोव्हज मिळतात, पण त्यात बी सरकते म्हणून अर्ध्याजणी काढून ठेवतात. त्यावरूनही ती रोज भांडायची.

ताईच्या डाव्या डोळ्याखाली काळा डाग होता. नवीन कामाला लागली तेव्हा घाम पुसायला हात वर केला, तेवढंच. डोळा थोडक्यात वाचला. तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून ती सगळ्यांना सांगायची. सांगायची कसली, खेकसायची.

नवी बाई आली की चीक कातडीला धरू नये म्हणून ताई तिच्या दोन्ही हातांना स्वतः तेल चोळणार. बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, बाळाला चोळतात तसं. आणि मग तोंडाचा पट्टा सुरू.

"हात तोंडाकडं जायचा नाय. डोळा खाजला तर खांद्याला पुसायचा. तुझा खांदा पोचत नसंल तर माझा घे. पन हात खाली!"

माझ्या पहिल्या दिवशी मी नाक खाजवायला गेले. ताई शेडच्या पार दुसऱ्या टोकाला.

"गो मनीषा! तोंड काळं करायचं आसंल तर घरी जाऊन कर! हात खाली!"

सगळी शेड हसली. मला रडू आलं. रडताना डोळे खांद्याला पुसले.

"बघा," ताई म्हणाली, "शिकली."

आता मी घरी भाकऱ्या थापतानासुद्धा घाम खांद्यालाच पुसते. आमच्या ह्यांना बरीच वर्षं वाटत होतं की मला मानेचा त्रास आहे.

तर कालचं भांडण.

महिनाअखेरीला ताई काम सोडणार होती. मुलगा तिकडे लोट्याच्या एमआयडीसीत, शिफ्ट ड्युटी. सूनही नोकरी करते. नातवाला सांभाळायला घरात कुणी नाही. तिच्या जागी मी, हे तिनेच ठरवून टाकलं होतं. मॅनेजरना सांगून झालं, मग मला सांगितलं.

"ताई, मला नाही जमणार."

"काम येतंय ना?"

"काम येतं. ओरडता येत नाही."

"मग शीक. गोड बोलत बसलीस तर तुझं बोलणं संपायच्या आधी तिचा हात डोळ्यात गेलेला आसंल."

"मी आजपर्यंत कुणावर ओरडले नाही. नवऱ्यावरसुद्धा नाही."

"थयंच तर चुकलंस बाय."

मग हसली. म्हणाली, "उद्या ती नवीन सुजाता येतेय. तिला तूच शिकवायचं. मी नुसती बसून बघनार."

मी "बघू" म्हटलं आणि रिक्षात बसले.

आज सकाळी सुजाताच्या हातांना मी तेल चोळलं. नियम सांगितला. गोड आवाजातच. नजर सारखी दाराकडे.

ताईचा पत्ता नाही. मला वाटलं, मुद्दाम उशीर करतेय, माझी परीक्षा घेतेय. मनातल्या मनात चरफडत होते मी तिच्यावर.

मग मॅनेजर आत आले आणि मशीन थांबवा म्हणाले.

"वंदनाताईंच्या सुनेचा फोन होता. सकाळी भाकरी करता करता कोसळल्या. दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं."

मी विचारलं, "मग आज उशिरा येणार का?"

खरंच असं विचारलं.

मग कुणीतरी हंबरडा फोडला आणि सगळी शेड रडायला लागली.

आणि मी बघितलं.

चाळीस बायका ढसाढसा रडत होत्या आणि एकीचाही हात वर गेला नव्हता. सगळ्यांचे हात चिकाने माखलेले, मांडीच्या बाजूला लोंबते. डोळे खांद्याला पुसत होत्या. ज्यांचा खांदा पोचत नव्हता त्या शेजारणीच्या खांद्यावर.



तेवढ्यात सुजाता. काम मागायला आली तेव्हा ताई तिला "घाबरू नको गो" एवढंच म्हणाली होती, तेवढ्या ओळखीवर ती बिचारी रडत होती. तिचा हात वर निघाला. काळा, ओला, सरळ डोळ्याकडे.

"हात खाली!"

पत्र्याखाली आवाज घुमला. सुजाता जागच्या जागी थिजली. बायका रडायच्या थांबल्या आणि चारपाचजणींनी चक्क दाराकडे वळून बघितलं.

मीसुद्धा बघितलं.

दारात कुणी नव्हतं. ओरडले मीच होते.

सुजाताचा हात तसाच हवेत. मी पुढे झाले, माझा खांदा तिच्यापुढे केला. तिने त्यावर डोळे पुसले.

आत्ता ताईच्या घरून आले. तिला नेलं. तोंडावर तो डाग तसाच होता. सुजाताने डोळे पुसलेला ब्लाऊज अजून बदललेला नाही मी.

ताई, तू म्हणाली होतीस बसून बघणार. बसायचं होतंस ना गं. एक दिवस तरी.

जा आता नीट. सगळ्यांचे डोळे शाबूत आहेत.

— तुझी मनीषा, आणि कटिंग शेडमधल्या सगळ्याजणी