रेगेबाईंचा काळा रंग

रेगेबाईंच्या चित्राला कुणी ‘छान आहे’ म्हटलं, की त्या उठून ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवत. समोर हेडमास्तर असोत नाहीतर संस्थेचे अध्यक्ष, त्यांना फरक पडत नसे. “छान तर कॅलेंडरसुद्धा असतं,” त्या म्हणायच्या, “काय दिसलं ते सांगा.” माणूस बावचळून काहीतरी पुटपुटायचा आणि चहा अर्धा टाकून निघून जायचा. गावात त्यांच्याकडे जाणं लोकांनी हळूहळू कमी केलं, त्याचं हे एक कारण होतं.

आमची शाळा मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूला. मी गणित शिकवायचे, त्या चित्रकला. एकाच घराच्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. मूळच्या त्या डोंबिवलीच्या. शेणव्याच्या शाळेत काही वर्षं काढून नव्वदनंतर कधीतरी आमच्याकडे आल्या. चाळिशीच्या, एकट्या, उंच, हाडकुळ्या. बोटांना कायम रंग लागलेला असायचा, आणि त्याच बोटांनी त्या खडू धरायच्या, भाकरीही मोडायच्या.

तैलरंग त्यांनी इथे येऊन सोडले. आमच्याकडे पावसाआधी राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं जिथे टाकायची तेवढ्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरून ती जाळतात. त्याची राख उडून ओल्या तैलरंगावर बसायची. अ‍ॅक्रिलिक चटकन वाळतं म्हणून त्यांनी ते धरलं. पण आमच्या उन्हात ते ताटलीतच वाळायला लागलं. मग ताटलीखाली ओला फडका घालून त्या डोंगरउतारावर जाऊन बसू लागल्या.

काढायच्या काय, तर तेच भाजलेले राब. भुऱ्या उतारावर काळे चौकोन. माझ्या माहेरी, शहापूरकडे, मी जन्मभर ते बघितले होते आणि एकदाही त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. बाईंच्या काळ्यात जांभळा असे, गेरूचा तांबूसपणा असे, कुठे निखारा विझताना दिसतो तसला राखाडी असे. “हा काळा मला शहरात मिळाला नाही,” त्या म्हणायच्या. “तिथला काळा नुसता मळका असतो.”

त्या बसायच्या तो उतार वरच्या वाडीचा. वाडीतली माणसं तो पिढ्यान्‌पिढ्या कसत होती, पण कागदावर जमीन गावातल्या पाटलांची होती. उताराच्या कडेला मोहाचं झाड आणि त्याच्या सावलीत जाईचं कुडाचं घर. जाई त्यांच्याच वयाची. पहिल्या वर्षी ती लांबून बघायची. दुसऱ्या वर्षी पाण्याला जाता-येता बाईंच्या फडक्यावर चार थेंब शिंपडून जाऊ लागली. रंग वाळू द्यायचा नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पुढे पुढे बाई दुपारची भाकरी तिच्याकडेच खायच्या. मी एकदा बरोबर गेले, तेव्हा जाई चित्रासमोर उकिडवी बसून म्हणत होती, “ह्यो राब नीट नाय भाजला. कडंला कच्चा रायला.” बाईंनी ते चित्र काही भिंतीकडे वळवलं नाही. त्या मोठ्यांदा हसल्या. त्यांना तशा हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग कुणा जुन्या मैत्रिणीच्या खटपटीनं मुंबईत त्यांचं प्रदर्शन झालं. मी सुट्टी काढून गेले. लोक येत, काळे चौकोन बघत, बैलगाडीचं काही आहे का विचारत आणि पुढे जात. शेवटच्या दिवशी एक मध्यमवयीन गृहस्थ आले. उताराच्या सर्वांत मोठ्या चित्रासमोर ते कितीतरी वेळ उभे राहिले. त्यात मोहाचं झाड होतं, जाईचं घर होतं, मागे सिद्धगड होता. छान वगैरे काही न म्हणता त्यांनी एवढंच विचारलं, की ही जागा नक्की कुठली. बाईंनी हौसेनं सगळं सांगितलं; रस्ता कुठून वळतो, झाड कुठे लागतं, सगळं. त्यांनी चित्र घेतलं. परतताना बाई मला म्हणाल्या, “शारदा, एकानं तरी बघितलं.”

पुढच्या हिवाळ्यात मुरबाडच्या एस.टी. स्टँडबाहेर एक भलामोठा फलक लागला. बाजाराला गेलेल्या आम्ही दोघी तिथेच थांबलो. सिद्धगडाच्या पायथ्याशी बंगल्यांचे प्लॉट मिळतील, असं त्यावर लिहिलं होतं, आणि चित्र बाईंचं होतं. फक्त काळे चौकोन हिरवे केले होते. आणि जाईचं घर पुसून टाकलं होतं. ते होतं त्या जागी नुसतं गवत होतं.

बाईंनी फलकावरचा पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन कल्याणला, चित्र घेणाऱ्या त्या माणसाच्या ऑफिसात गेल्या. मूळ चित्र त्याच्या खुर्चीमागे टांगलेलं होतं. त्यानं आम्हाला बसवलं, पंखा वाढवला, थंड मागवलं. बाईंनी फलक उतरवायला सांगितला. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, चित्र मी विकत घेतलंय. आणि जमीनही.” मग जरा वेळानं, अगदी आदरानं, त्यानं विचारलं की क्लबहाऊससाठी आणखी काही चित्रं काढून द्याल का, थोडी हिरवी. बाई उठल्या. त्यांच्यासाठी आणलेला ग्लास टेबलावर तसाच राहिला.

तिथून आम्ही थेट वाडीवर गेलो. उतारावर चुन्याच्या रेघा ओढून झाल्या होत्या. जाई दारातच होती. तिनं बसायला सांगितलं नाही. आतून तांब्या आणून बाईंच्या पुढ्यात ठेवला.

“पानी पिया नि जा,” ती म्हणाली. “आमची जागा त्यानला दिसत नवती, बाय. तुमी काढून दावली.”

बाई पाणी प्यायल्या. उतरताना दोनदा त्यांचा पाय घसरला, पण मी पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही.

महिन्याभरानं, तहसील कचेरीत असलेल्या माझ्या भावाकडून कळलं की पाटलांनी तो व्यवहार प्रदर्शनाच्या वर्षभर आधीच केला होता. तो गृहस्थ आपण घेतलेली जागा ओळखूनच चित्रासमोर थांबला होता; रस्ता विचारला तो खात्री करायला. मी धावतपळत बाईंना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, चला, जाईला सांगू. त्या म्हणाल्या, “काय सांगू? दोष माझा नव्हता, असं? तिचं घर त्यानं फलकावर पुसलं तेव्हा ते माझ्याच चित्रातून पुसलं ना?” मी खूप समजावलं. त्या कपडे वाळत घालत राहिल्या.

त्यानंतर त्या रंग घेऊन बाहेर पडल्या नाहीत. वर्गात मुलांना पणत्या आणि मोर काढायला सांगायच्या. मुलांनी वही दाखवली की म्हणायच्या, “छान आहे.” मला ते ऐकवत नसे. वाडीतल्या चार घरांना खाली ओढ्याकाठी जागा दिली गेली, मोहाचं झाड शोभेसाठी ठेवलं, आणि बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

डोंबिवलीला मी त्यांच्याकडे दोनदा गेले. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. खोलीत रंगाचा वास नव्हता. चित्र काढता का, असं मी दुसऱ्या खेपेला विचारलं. “मी ज्याच्याकडे बघते ते कुणीतरी विकतं,” त्या म्हणाल्या आणि माझ्या मुलाचं शिक्षण कुठवर आलं ते विचारू लागल्या. पुढच्या वर्षी त्या गेल्याचा त्यांच्या भाचीचा फोन आला. तोवर अंत्यविधी उरकला होता.

जाईला सांगावं असं मला वाटलं. ती आता त्याच उतारावर, एका बंगल्याच्या हिरवळीला पाणी घालायच्या कामावर होती. मी फाटकाशी उभी राहिले. तिनं मला ओळखलं. बाई वारल्या म्हटल्यावर तिनं पाइप खाली ठेवला आणि पदरानं हात पुसले. मग मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं, की जमीन आधीच विकली गेली होती, बाईंचा त्यात काही दोष नव्हता.

“ता म्हाईत व्हता,” जाई म्हणाली. “तवाच म्हाईत व्हता.”

मग तेव्हा बाईंना तसं का बोललीस, असं मी विचारलं.

“पाटलाला बोलून काय व्हनार? त्या शेटला बोलून काय व्हनार? ते आयकतान व्हय? बाय आपली व्हती, म्हून तिला बोलले.” पाइपातलं पाणी तिच्या पायाखाली साचत होतं. तिनं तो उचलला नाही. “आपली म्हून बोलले, ता तिला कललं असंल ना?”

मी हो म्हटलं. रेगेबाईंना ते कधीच कळलं नव्हतं.