आत्या बोगद्यातून उतरल्या

भर ऑगस्टमध्ये बहारीनमध्ये लोकरीचे मोजे विकत घेणारी माणसं फारशी नसावीत. सनाबिसजवळच्या मॉलमध्ये मी तीन जोड मागितले, तेव्हा काउंटरवरच्या बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा बाहेरच्या पार्किंगमधल्या उन्हाकडे. मग ती गोदामात गेली आणि धूळ झटकत तीन जोड घेऊन आली.

एक जोड माझा, एक नवऱ्याचा आणि एक नवऱ्याच्या आत्यांचा. नवरा सित्र्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे. बावीस वर्षं सपाट वाळूवर राहून त्याला डोंगरांचं वेड लागलं. त्यातही नुसते डोंगर नकोत, इतिहास असलेले हवेत. म्हणून त्याने उत्तर इटलीतल्या डोलोमाइट डोंगररांगेचा बेत आखला. तिथे पहिल्या महायुद्धात सैनिकांनी डोंगराच्या पोटात बोगदे खणले होते आणि त्यांतला एक वरच्या शिखरापासून पार खालपर्यंत उतरतो. रोपवेने वर जायचं आणि बोगद्यातून खाली यायचं, असा त्याचा आराखडा होता. एक्सेलमध्ये.

आत्या त्या आराखड्यात उशिरा शिरल्या. माझ्या सासूबाई नवरा पाच वर्षांचा असताना गेल्या, आणि त्याला वाढवलं ते आत्यांनी. सातारा जिल्ह्यातल्या एका गडाच्या पायथ्याला त्यांचं घर. वय पंचाहत्तर. आमच्याकडे पहिल्यांदाच येणार होत्या आणि नेमक्या त्याच महिन्यात. त्यांना फ्लॅटमध्ये एकट्या ठेवून आम्ही डोंगर बघायला जाणं बरं दिसलं नसतं. मग त्यांचाही व्हिसा मुंबईहूनच करून घेतला.

"पण तुम्ही दोघी रोपवेनेच परत या," नवरा मला बजावत होता. "बोगदा फार उताराचा आहे. आत्याला नाही झेपायचा."

स्वतःला झेपावा म्हणून तो रोज संध्याकाळी आमच्या इमारतीचे नऊ मजले जिन्याने चढायचा. एकदा सहाव्या मजल्यावर कठड्याला धरून धापा टाकत उभा असताना वरून आवाज आला, "काय रे, लिफ्ट बंद पडली का?" आत्या आठव्या मजल्यावर पायरीवर बसल्या होत्या. घरात एसीने अंग आखडतं म्हणून त्या रोज जिन्यात वर-खाली करायच्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. घाम म्हणाल तर टिपूस नाही.

इटलीत पोचलो त्या सकाळी हवा स्वच्छ होती. खिंडीत गाडी लावली आणि समोर तो डोंगर उभा होता. गुलाबी-करडा कडा, सरळ आभाळात घुसलेला, खाली काळ्या हिरव्या सूचीपर्णी झाडांची रांग. आत्यांनी डोळ्यांवर हात धरून तो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. "चांगला हाय," म्हणाल्या. "पण माची न्हाई."

रोपवेच्या डब्यात आम्ही चढलो. डबा जमिनीवरून सुटला आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा त्या कड्यासारखा करडा झाला. एक्सेलमध्ये ही गोष्ट नव्हती. खाली दरी, वर एक तार, आणि हा मधल्या खांबाला मिठी मारून, डोळे गच्च मिटून उभा. शेजारचं जर्मन जोडपं सहानुभूतीने बघत होतं. "यल्ला, यल्ला," म्हणजे अरबीत 'चल, चल', असं तो पुटपुटत होता, जणू रोपवेचा ड्रायव्हर बहारीनचा आहे. आत्या काचेला नाक लावून खाली बघत होत्या.

वर पोचल्यावर त्याने पहिलं वाक्य उच्चारलं, "मी या डब्यात परत पाऊल टाकणार नाही."

"मग चल की बोगद्यातनं," आत्या म्हणाल्या. "मी पण येते. डब्यात बसून डोंगर उतरणं ह्याला काय अर्थ हाय?"

आमचा गाइड साठीचा, त्याच खोऱ्यातला, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. आत्यांची नऊवारी आणि तिच्याखालचे माझे जुने ट्रेकिंगचे बूट पाहून तो मला इंग्रजीत म्हणाला, "मॅडमची खात्री आहे ना?" मी भाषांतर केलं. आत्यांनी त्याने दिलेलं हेल्मेट पदरावरून डोक्यावर चढवलं आणि बॅटरी कशी लागते ते खुणेने विचारलं.

आत गारठा होता. भिंतींतून पाणी झिरपत होतं आणि लाकडी पायऱ्या बुळबुळीत झाल्या होत्या. थोड्या थोड्या अंतरावर बाहेर बघायला खिडकीएवढी भोकं. गाइड सांगत होता, मी मराठीत सांगत होते: एका बाजूला इटलीची फौज, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाची, दोन्ही याच डोंगरावर. एकमेकांच्या पायाखाली भुयारं खणायची, दारू भरायची आणि डोंगरच उडवायचा. गोळ्यांनी मेले त्यांच्या जोडीला हिमकडे कोसळून किती गेले, त्याला गणती नाही.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला विचार, पाणी कुठनं आणत होते?"

मी विचारलं. गाइड थांबला. वळून त्याने आत्यांकडे बघितलं. "सगळे मला विचारतात, स्फोट केवढा झाला," तो म्हणाला. "पाण्याचं कुणी विचारत नाही." बर्फ वितळवायचे, उन्हाळ्यात दोरावरून पिंपं ओढून आणायचे, असं त्याने सांगितलं.

आत्यांचं पुढचं तयारच होतं. "आणि चूल? धूर दिसला तर समोरचे गोळी न्हाई का घालणार?"

यावर गाइड इतका खूश झाला की त्याने वाट सोडून आम्हाला बाजूच्या एका खोलीत नेलं. छत काळवंडलेलं होतं. इटलीचे सैनिक इथे अंधार पडल्यावरच रांधायचे, असं तो म्हणाला. त्याचे पणजोबा लढले ते समोरच्या फौजेकडून, कारण हे खोरं तेव्हा ऑस्ट्रियात होतं. वारा इकडून वाहिला की त्यांना इटलीवाल्यांच्या कॉफीचा वास यायचा आणि ते चडफडायचे, ही गोष्ट त्याच्या घरात अजून सांगतात. आत्या भिंतीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. "कुणाची तरी पोरं," एवढंच म्हणाल्या.

त्यापुढचा उतार अंगावर येणारा होता. मध्ये एका वळणावर माझ्या लक्षात आलं की मागून पावलांचा आवाज येत नाही. नवरा वरच्या पायरीवर दोर धरून थिजला होता. "मला खाली दिसतच नाहीये काही," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

मी काही बोलायच्या आत आत्या चार पायऱ्या परत चढल्या. त्याच्यापुढे पाठ करून उभ्या राहिल्या आणि बॅटरी स्वतःच्या पायांवर धरली.

"खाली बघू नको. माझ्या टाचंकडं बघ. मी जिथं ठेवीन तिथं ठेव."

तो निघाला. टाच, मग पाऊल. टाच, मग पाऊल. बावन्न वर्षांचा इंजिनियर आत्यांच्या बुटांवर नजर लावून तो अख्खा उतार उतरला. रात्री हॉटेलात त्याने मला सांगितलं, की लहानपणी गडावर आलेल्या लोकांना दही विकून आत्या परतायच्या, तेव्हा तो असाच मागून यायचा. डोक्यावर रिकामी मडकी, एक हात मडक्यांना, आणि तोंडाने हेच वाक्य.

शेवटी उजेड आला, आणि एकदम गवत. गाइडने आत्यांशी हस्तांदोलन केलं आणि त्यांचं वय विचारलं. मी सांगितल्यावर त्याने स्वतःचं हेल्मेट काढून हातात धरलं. आत्यांनी बहारीनमध्ये तीन आठवड्यांत कमावलेला एकुलता एक अरबी शब्द त्याला दिला, "खलास!" त्याला तो बरोबर कळला.

नवरा गवतात आडवा पडला. पाच मिनिटांनी आभाळाकडे बघतच म्हणाला, "आत्या, तू परत जाऊ नको इतक्यात. दोन महिने राहा."

"आणि म्हशी?"

"शेजारीण बघेल की."

आत्यांनी खूप विचार केला. "पंधरा दिवस," म्हणाल्या, आणि तिथूनच शेजारणीला फोन लावायला सांगितलं. आजूबाजूला गळ्यात मोठ्या घंटा बांधलेल्या गाई चरत होत्या. फोन लागला तशा आत्या ओरडल्या, "अगं, म्हशींना अजून पंधरा दिवस तूच बघ! आणि हितं गवत कसलं हाय म्हणून सांगू! पण गाई नुसत्या घंटा वाजवत हिंडत्यात, एक पण नीट खात न्हाई!"